विंडोज १० गेलं, रॅम महागली; मग माळ्यावरच्या जुन्या पीसीवर तीन हजारांत ‘व्हाइस सिटी’ चालेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३ डिसेंबरला मायक्रॉन या कंपनीनं जाहीर केलं की ‘क्रुशल’ या नावानं मिळणारी रॅम आणि एसएसडी आपण सामान्य गिऱ्हाइकाला विकणं बंद करणार. माल जाणार तो फक्त फेब्रुवारी २०२६ च्या शेवटापर्यंत.

पहिल्या बातमीनं लाखो चालू कम्प्युटर एका रात्रीत ‘जुने’ ठरले. दुसरीनं नवा कम्प्युटर घेणं महाग केलं.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्या सोलापूरशी काय संबंध?

संबंध असा की, सोलापुरात अशी कितीतरी घरं आहेत जिथला मुलगा किंवा मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि डेस्कटॉप मागे राहिला. घेताना तो ‘अभ्यासासाठी’ घेतला होता. दहावीचा निकाल, एमएस-सीआयटीचा क्लास किंवा डिप्लोमाची ॲडमिशन, कारण काहीही असो. प्रत्यक्षात त्यावर रोड रॅश, आयजीआय, व्हाइस सिटी आणि क्रिकेट ०७ हेच विषय जास्त शिकले गेले. आज तो डबा माळ्यावर किंवा जिन्याखाली आहे, वर जुनी चादर टाकलेली. दिवाळीच्या साफसफाईला भंगारवाल्याला द्यायचा विषय निघतो आणि ‘राहू दे, चालू होईल’ म्हणून पुन्हा मागे पडतो.

तर प्रश्न साधा आहे. तो चालू करून त्यावर जुने गेम खेळायचे म्हटलं तर नेमका खर्च कुठे करायचा? या कामात लोक पैसे घालवतात ते चुकीच्या जागी. जुना पीसी फास्ट करायच्या नादात रॅम आणि ग्राफिक्स कार्डवर खर्च होतो, आणि दोन महिन्यांत सगळं बंद पडतं ते पाचशे रुपयांच्या एसएमपीएसमुळे.

आधी रॅमचं प्रकरण काय आहे ते बघू

जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी विकण्यात या कंपन्यांना जास्त पैसा मिळतो. कारखाने तेवढेच, त्यामुळे तिकडे माल वळला की घरगुती कम्प्युटरच्या वाट्याला कमी येतो. २०२५ च्या शेवटी डीडीआर५ आणि डीडीआर४ रॅमचे भाव चढले ते यामुळे. एसएसडीमधल्या चिपही याच कंपन्या बनवतात, त्यामुळे तिकडेही झळ पोचली.

पण तुमच्या माळ्यावरच्या पीसीत ही रॅम बसतच नाही. २००७-१० च्या आसपासचा कम्प्युटर असेल तर त्यात डीडीआर२, फार तर डीडीआर३. त्याच्याही आधीचा असेल तर डीडीआर किंवा एसडी रॅम. हा बाजार जुन्या पीसीतून काढलेल्या मालावर चालतो. रिपेअरिंगच्या दुकानात ड्रॉवरमध्ये पडलेल्या काड्या काही शे रुपयांत मिळतात. शिवाय या खेळांना मेमरी लागते किती? व्हाइस सिटी पीसीवर २००३ मध्ये आला तेव्हा बॉक्सवर किमान गरज लिहिली होती ती अशी: ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ३२ एमबीचं ग्राफिक्स. जीबी नाही, एमबी. आज तुमच्या खिशातल्या सगळ्यात स्वस्त फोनमध्ये याच्या कितीतरी पट रॅम आहे.

मग फोनवर किंवा लॅपटॉपवरच का खेळायचं नाही?

खेळा की. बऱ्याच जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या निघाल्यात. एज ऑफ एम्पायर्स २ मूळचा १९९९ चा, त्याची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि ती चांगली आहे. जॉर्डन मेकनरनं प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ कोड २०१२ मध्ये स्वतःच लोकांसाठी खुला केला. पण सगळ्यांचं नशीब असं नसतं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेनं २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की, २०१० च्या आधी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गानं मिळतच नाहीत. ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ घ्या. नोव्हेंबर २००६ मध्ये आला, ईएनं त्यानंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही. भारतात मात्र पोरं आजही त्यात आयपीएलच्या नव्या टीम घालून खेळतायत.

आणि सीडी हातात असली तरी ती नव्या कम्प्युटरवर चालेलच असं नाही. याची कारणं तांत्रिक आहेत, पण समजायला सोपी आहेत.

पहिलं म्हणजे, नव्वदच्या दशकातले बरेच गेम किंवा निदान त्यांचे इन्स्टॉलर १६ बिटचे आहेत. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचा प्रोग्राम उघडतच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. विषय संपला.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. २००० च्या आसपासच्या ओरिजिनल सीडींवर कॉपी होऊ नये म्हणून ‘सेफडिस्क’ नावाचं कुलूप असायचं. त्या कुलपाचा ड्रायव्हर विंडोजच्या आतच असे. त्यात सुरक्षेची भोकं सापडली म्हणून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटमध्ये विंडोज ७ आणि ८ वरही बंद करून टाकला. म्हणजे ज्यानं रीतसर पैसे मोजून ओरिजिनल सीडी घेतली त्याचाच गेम अडकला, आणि ज्यानं पन्नास रुपयांची राइट केलेली सीडी आणली त्याचा सुरू राहिला! (आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या गटात होते, हे वेगळं सांगायला नको.)

तिसरं, आवाज. त्या काळचे काही गेम साउंड कार्डकडून थेट काम करून घ्यायचे. व्हिस्टापासून विंडोजनं ती वाटच बंद केली, त्यामुळे नव्या पीसीवर तेच गेम ऐकायला सपाट वाटतात.

थोडक्यात, एक्सपीच्या काळातल्या गेमसाठी एक्सपीच्या काळातलाच डबा सगळ्यात कमी डोकेदुखीचा. इथे ‘अपग्रेड’चा अर्थ उलटा होतो. मशीन नवं करायचं नसतं, ते त्याच्या वयाला धड उभं करायचं असतं.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

पेंटियम ४ किंवा त्याआधीचं मशीन असेल, म्हणजे साधारण २००६ च्या आधीचं, तर ते डॉस, विंडोज ९८ आणि सुरुवातीच्या एक्सपीच्या खेळांसाठी. त्याचे पार्ट मिळवणं आता कटकटीचं झालंय. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट एजीपी असतो, हार्ड डिस्क पट्टीच्या रुंद केबलची. शिवाय शेवटचे पेंटियम ४, २००४ नंतरचे, भयंकर तापतात. ऐंशी-नव्वद वॅट आणि त्याहून जास्त. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. असं मशीन हौस म्हणून ठेवा, त्यावर फार खर्च करू नका.

दुसऱ्या टोकाला २०११ ते २०१७ मधली आय३, आय५ मशीन. हीच विंडोज १० च्या निर्णयानं अडकलेली मंडळी. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, तो यांच्याकडे नाही. हे मशीन ‘रेट्रो’ करायच्या भानगडीत पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते अजून कामाचं आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० चे सुरक्षा अपडेट फुकट मिळतात. त्यानंतर लिनक्स मिंट टाका, घरातल्या मुलांचा अभ्यास, फॉर्म भरणं, सगळं होतं. जुने गेम खेळायला डॉसबॉक्ससारखी फुकट सॉफ्टवेअर त्यावर चालतात. पेनड्राइव्हवरून सुरू होणारं ‘बाटोसेरा’ आहे, ते लावलं की अख्खा पीसी गेमचा डबा होतो आणि पेनड्राइव्ह काढला की परत अभ्यासाचा.

खरी गंमत आहे मधल्या गटात. २००६ ते २०११. कोअर टू ड्युओ, ड्युअल कोअर. सोलापुरात काय किंवा लातूर-सांगलीत काय, घराघरांत कम्प्युटर शिरला तो याच काळात. एक्सपी यावर पळतं, ड्रायव्हर मिळतात, हार्ड डिस्कला साटा केबल असते आणि प्रोसेसर ६५ वॅटच्या आसपासचा, म्हणजे ऊन्हाळाही सोसतो. पुढचं सगळं या मशीनला धरून सांगतोय.

चालू करायच्या आधी

थांबा. बटण दाबू नका.

आधी हार्ड डिस्क बाहेर काढा. २००५ ते २०१२ हा डिजिटल कॅमेऱ्याचा काळ. लग्नाचे, बारशाचे, गड्ड्याच्या यात्रेचे फोटो त्या डिस्कवर आहेत आणि बहुतेक घरांत ते दुसरीकडे कुठेच नाहीत. तेव्हा गुगल फोटो नव्हतं. दहा वर्षं बंद पडलेली डिस्क किती वेळा फिरेल याची खात्री नसते. साटा टू यूएसबी केबल मिळते, ती लॅपटॉपला जोडून पहिल्याच झटक्यात फोटो आणि कागदपत्रं कॉपी करून घ्या. गेम नंतर. डिस्क टकटक आवाज करत असेल तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

मग डबा उघडायचा. (ज्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो तो. खरा सीपीयू आत पंख्याखाली असतो, पण इथे भांडणात अर्थ नाही.) बाहेर गच्चीवर न्या, तोंडाला रुमाल बांधा. यंत्रमागाच्या वस्तीतलं घर असेल तर आत नुसती धूळ नसते, कापसाची तूस असते. ती पंख्याच्या आणि हीट सिंकच्या मध्ये नमद्यासारखी बसते आणि हवा पूर्ण अडवते. ‘कम्प्युटर आपोआप बंद पडतो’ या तक्रारीचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. ब्रश आणि ब्लोअर पुरतो. पंखा ब्लोअरच्या हवेनं गरागरा फिरू देऊ नका, बोटानं धरून ठेवा.

त्यानंतर मदरबोर्डकडे नीट बघा. त्यावर छोट्या पिंपासारखे दिसणारे कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं असेल, वरून तपकिरी काहीतरी बाहेर आलेलं असेल, तर तो कपॅसिटर गेला. २००० ते २००७ च्या काळात निकृष्ट कपॅसिटरची जागतिक साथच आली होती, मोठमोठ्या कंपन्यांचे बोर्ड त्यात गेले. एक-दोन फुगलेले असतील तर सोल्डरिंग करणारा माणूस ते बदलून देतो, पार्ट काही रुपयांचा असतो, मजुरी त्याहून जास्त. दहा-बारा फुगलेले असतील तर तो बोर्ड सोडून द्या.

तीन हजार कुठे घालायचे?

मर्यादा तीन हजारांची धरू. त्याहून जास्त घालायची वेळ आली तर हे मशीन सोडून दुसरं जुनं मशीनच बघावं, असा माझा हिशेब आहे.

यातले दीड-दोन हजार एसएमपीएसवर गेले तरी वाईट वाटून घेऊ नका. मित्र विचारेल, ‘काय बे, एवढे पैसे नुसत्या सप्लायला?’ हो, सप्लायलाच. जुन्या असेम्बल्ड पीसीतला एसएमपीएस बहुतेक वेळा हलक्यातला असतो. स्टिकरवर ४५० वॅट छापलेलं असतं, आत तेवढा दम नसतो. पंधरा वर्षांत आतले कपॅसिटर वाळलेले असतात. तो मरताना एकटा मरत नाही, कधीकधी बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो. साध्या पण नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटी असलेला नवा घ्या. या मशीनला ४०० वॅट पुष्कळ. पीसी असेम्बल्ड नसून ब्रँडेड कंपनीचा असेल तर आधी जुना काढून दुकानात न्या, काहींचा आकार आणि पिना वेगळ्या असतात. आणि काहीही झालं तरी एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. डबा मॉनिटरचंही तेच, त्याच्या आत तर हजारो व्होल्ट.

पन्नास रुपयांच्या आत मदरबोर्डवरचा सेल येतो, रुपयाच्या नाण्याएवढा, दुकानात ‘सीआर २०३२’ म्हणायचं. तो संपलेला असतोच. त्यामुळे तारीख मागे जाते, बायोसची सेटिंग विसरली जातात आणि लोकांना वाटतं बोर्ड गेला. शे-दोनशेची थर्मल पेस्ट आणा, जुनी पेस्ट वाळून खडू झालेली असते.

रॅमसाठी पहिला खर्च खोडरबर. हसू नका. डबा चालू केल्यावर नुसतं बीप बीप होत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं घासायच्या, भुसा झटकायचा आणि परत बसवायची. भारतातल्या प्रत्येक कम्प्युटर रिपेअरवाल्याची ही पहिली युक्ती आहे आणि ती चालते. एक्सपीसाठी दोन जीबी रॅम भरपूर. ३२ बिटचं एक्सपी चार जीबी लावली तरी साधारण सव्वातीनच दाखवतं, त्यामुळे त्यापुढे पैसे घालणं म्हणजे निव्वळ फुकट.

डिस्कबाबत लोक सरसकट ‘एसएसडी टाका’ सांगतात. आजच्या कामाच्या पीसीसाठी तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण एसएसडी महागलेत आणि इथे आपल्याला हवंय काय? व्हाइस सिटी एक जीबीच्या आत मावतो. कुणाच्या तरी लॅपटॉपमधून काढलेली २५० किंवा ३२० जीबीची चांगली हार्ड डिस्क मिळाली तर तेवढ्यावर भागतं. एसएसडी घ्यायचाच तर सगळ्यात लहान घ्या. एक्सपी टाकायच्या आधी मात्र बायोसमध्ये साटाची सेटिंग ‘आयडीई’वर ठेवा. ती ‘एएचसीआय’वर राहिली तर इन्स्टॉल करताना निळा स्क्रीन येतो आणि अख्खी दुपार जाते.

ग्राफिक्स कार्ड शेवटी. रोड रॅश, आयजीआय, एज ऑफ एम्पायर्स हे गेम बोर्डवरच्या ग्राफिक्सवरही चालून जातात. व्हाइस सिटीही बहुतेक बोर्डांवर चालतो. मोस्ट वाँटेडसारखे गेम मोठ्या सेटिंगवर खेळायचे असतील तर जीफोर्स ८४०० जीएस, ९५०० जीटी, जीटी २१० अशी त्या काळची कार्डं सेकंडहँड बघा. एक्सपीचे ड्रायव्हर त्यांना मिळतात. फार नवं कार्ड घेतलंत तर एक्सपी त्याला ओळखणारच नाही.

हे सगळं घ्यायचं कुठून? सोलापुरात नवी पेठेपासून सुरुवात करा, आणि नव्या कम्प्युटरच्या शोरूमपेक्षा रिपेअरिंगच्या छोट्या दुकानांत विचारा. ज्याच्याकडे कोपऱ्यात उघड्या कॅबिनेटचा ढीग आहे, तो आपला माणूस. पुण्याला जाणं-येणं असेल तर तपकीर गल्ली आहे, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. फक्त पार्ट तिथल्या तिथे लावून दाखवायला सांगा. ऑनलाइन सेकंडहँड घेत किंवा विकत असाल तर एवढं लक्षात असू द्या, आपल्याला पैसे येणार असतील तेव्हा क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

वीजबिलाची भीती असेल तर गणित सोपं आहे. सगळं मिळून दीडशे वॅट धरा, रोज दोन तास. महिन्याला नऊ युनिट. स्पाइक गार्ड मात्र लावा, आणि वीज सारखी जात-येत असेल तर चालू बॅटरीचा यूपीएस.

एक्सपीवर इंटरनेट? नको

यात तडजोड नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२०ला. त्यानंतर सापडलेली भोकं उघडीच आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा जगभरातली अपडेट नसलेली मशीनं त्यात सापडली. पुढच्याच महिन्यात तशाच एका हल्ल्यानं आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. तिथे कंटेनर अडकले, तुमच्याकडे बँकेचा पासवर्ड अडकेल.

लॅनची केबल लावूच नका, वायफायचा डोंगल काढून ठेवा. गेम आणि ड्रायव्हर दुसऱ्या कम्प्युटरवर उतरवा, स्कॅन करा, पेनड्राइव्हनं आणा. तो पेनड्राइव्ह याच कामासाठी वेगळा ठेवा. तसंही नेट लावून फार काही मिळत नाही. स्टीमनं विंडोज ७ आणि ८ चा सपोर्टही १ जानेवारी २०२४ पासून सोडलाय, एक्सपीचा तर त्याच्या कितीतरी आधी. जुन्या गेमचे ऑनलाइन सामने ज्या गेमस्पायवर चालायचे ते २०१४ मध्येच बंद झालं. दोन पीसी एका केबलनं थेट जोडून काउंटर स्ट्राइक मात्र आजही होतं, जसं सायबर कॅफेत व्हायचं.

आईबाबांच्या बाजूनं बघितलं तर नेट नसणं हीच यातली जमेची बाजू आहे. अनोळखी माणसाशी चॅट नाही, गेममध्ये रिचार्ज नाही, जाहिरात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तो ज्या व्यसनाबद्दल आहे ते इथे शिरूच शकत नाही. फक्त व्हाइस सिटी लहान मुलांच्या हातात देऊ नका. आपण सहावी-सातवीत खेळलो हे खरं, पण त्या गेमवर तेव्हाही मोठ्यांसाठीचाच शिक्का होता. आपल्या सीडीला कव्हरच नव्हतं, त्यामुळे कुणी वाचला नाही.

गेम आणायचे कुठून, आणि ते कायदेशीर आहे का?

‘जुना गेम आहे, कंपनी विकत नाही, म्हणजे फुकट’ असा एक समज आहे. कायद्यात तसं काही नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कम्प्युटर प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. हो, कायद्याच्या नजरेत रोड रॅशचा कोड आणि कादंबरी एकाच रांगेत. तिचा हक्क वीस-पंचवीस वर्षांत संपत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सोय मात्र आहे: ज्याच्याकडे प्रोग्रामची रीतसर प्रत आहे, तो ती खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढू शकतो. म्हणून ओरिजिनल सीडी असेल तर आजच तिची कॉपी करून ठेवा. सीडीवरचा थर उडतो.

रीतसर विकत घ्यायला जीओजीसारखं संकेतस्थळ आहे, जुने गेम कुलूप न लावता विकतं. इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो. घेण्याआधी तो कुठल्या विंडोजवर चालतो ते बघा, बऱ्याच ठिकाणी विंडोज ७ किंवा पुढचं लिहिलेलं असतं. डूमचा पहिला भाग १९९३ पासून शेअरवेअर म्हणून अधिकृतपणे फुकट आहे. डॉससाठी फ्रीडॉस फुकट आहे आणि त्याची नवी आवृत्ती २०२५ मध्येसुद्धा निघाली. एक्सपी मात्र मायक्रोसॉफ्ट आता विकत नाही. कॅबिनेटच्या अंगाला चिकटवलेला की असलेला स्टिकर म्हणजे तुमचं लायसन्स, त्यामुळे डबा पुसताना ओल्या फडक्यानं तो घासू नका. आधी त्याचा फोटो काढा.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातातून गेला. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिनं १० लाख सह्यांची अट ओलांडली. आपल्या ड्रॉवरमधली ओरखडे पडलेली सीडी सर्व्हर बंद झाला म्हणून मरत नाही, हे त्या मोहिमेतल्या लोकांना नक्की आवडेल.

आणि चालूच झाला नाही तर?

बोर्ड गेलेला असेल, तीन हजारांचा हिशेब पाच हजारांवर जात असेल, तर सोडून द्या. नुसती हौस भागवायची असेल तर मधल्या काळातलं चालू सेकंडहँड मशीन शोधणं स्वस्त पडतं. आत्ता बरीच ऑफिसं विंडोज १० ची मशीनं बदलतायत, आणि ती बदलताना कोपऱ्यात पडलेली त्याहून जुनी मशीनंही बाहेर निघतात.

आपला डबा टाकून देताना कामाचं काढून घ्या. रॅम, डीव्हीडी ड्राइव्ह, केबल, पंखा, हे दुसऱ्याच्या पीसीला लागतं. जुना १७ इंची चौकोनी एलसीडी मॉनिटर तर अजिबात देऊ नका, हे गेम त्याच आकारासाठी बनलेले आहेत, रुंद स्क्रीनवर माणसं जाडी दिसतात. उरलेलं भंगारवाल्याला वजनावर गेलं की बोर्ड कुठेतरी जाळला जातो किंवा ॲसिडमध्ये टाकला जातो, आतल्या तांब्या-सोन्यासाठी. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यानुसार रिसायकल करणाऱ्यानं आणि जुनं दुरुस्त करून विकणाऱ्यानं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची असते. देताना ती नोंदणी विचारा.

आणि हार्ड डिस्क कुणालाच देऊ नका. डिलीट केलेले फोटो परत काढता येतात. कॉपी झाली असेल तर ती पूर्ण पुसा, आणि पुसता येत नसेल तर ड्रिलनं दोन भोकं पाडा.